टिपणीस बाईंचा धबधबा

"पाणी खंय आसा? रे निखिल, माका आधी पाणी दाखव, मगे तुझी माहिती सांग!"

मुलुंडचे परब असे ओरडत होते की आफ्रिका खंड दोन इंच तरी दक्षिणेला सरकलं असेल. अंगात गुडघ्यापर्यंत निळा रेनकोट, पायात पावसाळी चपला आणि वर ऊन असं, की दगडावर पापड टाकला असता तर भाजून, फुगून, वर लोणचं मागून घेतलं असतं त्यानं. एकटे परबच नव्हेत, आमचा अख्खा ग्रुप रेनकोटात उभा होता. टूरच्या कागदावर ठळक छापलेलं होतं, की धबधब्याच्या तुषारांनी माणूस चिंब होतो, रेनकोट जवळ ठेवा. तेव्हा बोरीवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीची सुशिक्षित मराठी माणसं झांबियातल्या एका कड्यावर रेनकोटाच्या आत घामानं चिंब होऊन उभी, आणि समोर व्हिक्टोरिया धबधबा. म्हणजे धबधब्याची जागा. काळा, उभा, कोरडा कडा. दरीच्या पार टोकाला, दुसऱ्या देशाच्या बाजूला, पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी लोंबत होतं. बाकी दगड.

"सर, या सीझनला ह्या साइडला थोडं कमी असतं," निखिल म्हणाला. निखिल आमचा टूर मॅनेजर. पोरगा चांगला, पण आवाज त्या धबधब्यासारखाच आटलेला. "उद्या झिम्बाब्वेच्या साइडला जाऊ ना, तिकडे असतं पाणी."

"कमी? अरे, आमच्या चेकनाक्यावर पाइपलाइन फुटते ना, ती बघायला ये. तिकीट पण नाय!"

एवढ्यात एक बबून आलं. माकडातलं हे दांडगट घराणं. त्यानं परबांच्या हातातली चकल्यांची पिशवी शांतपणे काढून घेतली, कठड्यावर बसलं आणि आमच्याकडे बघत एकेक चकली मोडून खायला लागलं. दिवाळी त्याची झाली.

या सगळ्या गोंधळाच्या टोकाला, कठड्याशी, एका व्हीलचेअरच्या मागे टिपणीस बाई उभ्या होत्या. खुर्चीत त्यांचे यजमान, टिपणीस काका. बाईंनी रेनकोट घातला नव्हता. घडी करून हातावर घेतला होता. त्या ओरडत नव्हत्या, रडतही नव्हत्या. बराच वेळ त्या नुसत्या समोरच्या दगडाकडे बघत राहिल्या. मग आपल्याच पेपरवर लाल रेघ मारावी तसं हळू म्हणाल्या, "दक्षिण गोलार्ध."

बाकी कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. याच दोन शब्दांसाठी त्यांनी सातवीत माझे दोन मार्क कापले होते.

प्रश्न होता: आपल्याकडे दिवाळी असते तेव्हा दक्षिण आफ्रिकेत कोणता ऋतू असतो? मी लिहिलं होतं, "हिवाळा, कारण पहाटे थंडी वाजते व उटणे लावतात." बाईंनी उत्तरावर काट मारून शेजारी लिहिलं, "दक्षिण गोलार्ध!" पुढे उद्गारचिन्ह. बाईंच्या लेखी उद्गारचिन्ह म्हणजे कानफटीत.

बोरीवलीच्या आमच्या मराठी शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. उंची जेमतेम फळ्याच्या खालच्या पट्टीइतकी, पण वर्गात आल्या की नॅशनल पार्कातले बिबटेसुद्धा हाताची घडी घालून बसत. खडू घेऊन त्या आफ्रिकेचा नकाशा काढायच्या तो एका दमात. जिब्राल्टरपाशी खडू टेकवला की तो फळ्यावरून उचलायचा नाही. पश्चिमेचा फुगवटा, गिनीचं आखात, खाली केप, वर वळून सोमालियाचं शिंग, तांबडा समुद्र, आणि परत जिब्राल्टर. रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिटायची. आम्ही श्वास धरून बघायचो. मी आज मांडव-डेकोरेशनच्या धंद्यात आहे, गणपतीत थर्माकोलचे कैलास उभे करतो, लोक लांबून बघायला येतात (चर्नी रोडहून येतात, विलायतेहूनही येतील), पण तसली एक रेघ अजून मला जमलेली नाही.

विशेषणांशी बाईंचं वैर होतं. पेपरात कुणी "अफाट वाळवंट" लिहिलं की अफाटभोवती लाल गोल आणि वर प्रश्न: म्हणजे किती? "प्रचंड सरोवर": म्हणजे किती? माझ्यासारख्याचे तर पेपर परत यायचे तेव्हा गोवर उठल्यासारखे दिसायचे. सहामाहीला मी सहारा वाळवंटात वाळूचे कण मोजता मोजता एक इंग्रज म्हातारा झाला असं लिहिलं होतं. बाईंनी मला उभं केलं. "सुर्वे, त्या इंग्रजाचं नाव?" मी गप्प. "वय?" मी गप्प. "मग बस खाली. आणि म्हातारा तूच होशील, सातवीत."

पण त्यांची खरी खोड वेगळी होती. नवा डोंगर, नवी नदी शिकवायला घेतली की पहिलं वाक्य ठरलेलं: "मी हे पाहिलेलं नाही. वाचलंय ते सांगते." किलिमांजारो: मी पाहिलेला नाही. नाईल: पाहिलेली नाही. याची सुरुवात आमच्या आधीच्या एका वर्गात झाली म्हणे. बाई धबधब्याचं रंगात येऊन सांगत होत्या आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं भाबडेपणानं विचारलं, "बाई, तुम्ही कधी गेला होतात?" बाई थांबल्या. "नाही," म्हणाल्या. त्या दिवसापासून हे वाक्य सुरू झालं ते निवृत्तीपर्यंत सुटलं नाही. हेडमास्तर म्हणायचे, अहो बाई, मुलांचा विश्वास उडेल. बाई म्हणायच्या, उडू दे, निम्मा उडालेला बरा.

म्हणून जे पाहता येण्यासारखं होतं तिथे त्या आम्हाला ओढत न्यायच्या. सगळ्या शाळांच्या सहली वॉटर पार्कात, आमची अंधेरीला, गिल्बर्ट हिलवर. चाळी, टॉवर आणि झोपड्यांच्या मधोमध उभा असलेला तो काळा कभिन्न सुळका. वर देवीचं देऊळ. बाईंनी आम्हाला पायथ्याशी उभं केलं आणि म्हणाल्या, "हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. प्रत्येकानं तळहात टेकवा." आम्ही टेकवले. दगड तापलेला होता. "आता हे तुम्ही पाहिलंत. आता पेपरात बिनधास्त लिहा, मी विचारणार नाही." दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आई शाळेत आली. "बाई, पोरांना सहलीला नेऊन दगड दाखवलात?" बाई म्हणाल्या, "हो." संभाषण संपलं.

काका अगदी दुसऱ्या टोकाचे. वीज खात्यात नोकरी, उंच, वाकलेले, नाकावर जाड चष्मा, आणि बोलणं इतकं कमी की आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच लोकांना ते मुके वाटायचे. मी त्याच सोसायटीत, त्यांच्या समोरच्या बिल्डिंगीत राहतो. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या गॅलरीसमोर. रोज संध्याकाळी तिथे दुसऱ्या दिवसाच्या तासाची तालीम चालायची. बाई ओट्याशी उभ्या राहून धडा म्हणायच्या आणि काका मेथी निवडत ऐकायचे. मध्येच काका मुद्दाम एखादा ढ प्रश्न टाकायचे. "पण मग एवढं पाणी पडतं तर नदी संपत कशी नाही?" बाई भडकायच्या, "अहो, हा काय प्रश्न झाला?" काका म्हणायचे, "तुझ्या वर्गात एक तरी विचारेलच गं." आणि दुसऱ्या दिवशी तो प्रश्न मी हमखास विचारायचो.

काका आयुष्यात दापोलीच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण त्यांचा एक आवडता धडा होता. मेथी निवडून संपली, धडाही संपला, की ते म्हणायचे, "आता ते धबधब्याचं सांग." बाई म्हणायच्या, "ते गेल्या महिन्यात झालं." काका म्हणायचे, "होऊ दे. सांग." मग बाई सांगायच्या. झांबेझी नदी सपाटीवरून संथ येते, तिला पुढचं काही माहीत नसतं, आणि एकदम जमीनच संपते. तिथले लोक त्याला गर्जणारा धूर म्हणतात, कारण पाणी दिसायच्या आधी कित्येक कोसांवरून धूर दिसतो आणि आवाज येतो. काकांचे हात भाजीत थांबून राहायचे.

"एकदा बघू या गं आपण तो," काका म्हणायचे.

"बघू," बाई म्हणायच्या. "दोघांनी मिळून."

मग जे नेहमी होतं ते झालं. निवृत्तीनंतर जाऊ म्हणता म्हणता काकांच्या आई अंथरुणाला खिळल्या आणि बरीच वर्षं त्यात गेली. त्या गेल्या आणि काकांना दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बोलताना. फुप्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टर आमच्या ओळखीतले. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, कुठे जायचं असेल तर या वर्षात जाऊन या. पुढच्या वर्षीचं मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानात हजर. मी एका लग्नासाठी हत्ती रंगवत होतो.

"सुर्वे, दिवाळीत आम्ही आफ्रिकेला चाललोय. यांना धबधबा दाखवायचाय. व्हीलचेअर ढकलायला माणूस लागेल. येतोस?"

"येतो की! पण दिवाळीतच का बाई?"

"पावसाळा संपलेला असतो. नद्या भरून वाहत असतात."

हे वाक्य टिपणीस बाई बोलल्या. जिनं हजारो पोरांना शिकवलं की विषुववृत्त ओलांडलं की ऋतू उलटे होतात, तीच बाई. आणि मला तरी कुठे खटकलं? माझे दोन मार्क उगाच गेले नव्हते. आता विचार केला की वाटतं, डोक्यात भूगोल असतो, पण अंगात सह्याद्री असतो. आपल्या हाडांना ठाऊक असतं की दसरा झाला, दिवाळी आली, म्हणजे ओढे भरलेले, कडे पाझरते, माती ओली. जन्मभर तेच पाहिलेलं. त्यात रात्रंदिवस कानाशी काकांचा तो घरघरणारा श्वास. त्या आवाजात कुणाला कुठला गोलार्ध आठवतोय? टूरवाल्यांचं म्हणाल तर शाळांना सुट्टी असते तेव्हा ते चंद्रावरही नेतील, रेनकोट घेऊन.

मी, माझी बायको सुलभा, बाई आणि काका असे चौघे निघालो.

त्या टूरमध्ये बाई कशा होत्या हे मला सांगायलाच हवं, कारण तशा त्या मी आधी कधी पाहिल्या नव्हत्या. केनियातून सीमेपलीकडचा किलिमांजारो दिसणार होता. ग्रुप पोचला तर ढग. सकाळी ढग, दुपारी ढग. परब म्हणाले, "डोंगर आसा की कागदार छापलो हा नुसतो?" लोक जेवायला गेले, पत्ते कुटायला बसले. बाईंनी मैदानाच्या कडेला काकांची खुर्ची लावली, शेजारी स्वतः स्टूल घेऊन बसल्या आणि ढगाकडे अशा बघत राहिल्या, जसं गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे बघावं. दुसऱ्या दिवशी पहाटे ढगाची हिंमत संपली. तो बाजूला झाला आणि आम्ही जिथे बघत होतो त्याच्या कितीतरी वर, आभाळातच, बर्फाचं शिखर निघालं. खाली कशाला टेकलेलं नव्हतं. हत्तींचा एक कळप त्याच्याखालून मुंग्यांसारखा चालला होता.

बाईंनी काकांना विचारलं, "पाहिलंत?"

"पाहिलं."

मगच त्यांनी स्वतःचा रुमाल काढला. मोबाइल नव्हे, रुमाल.

टांझानियात गोरोंगोरोचं विवर. एका ज्वालामुखीचा माथा आत खचला आणि त्याची अशी परात झाली की तिच्यात बोरीवली ते अंधेरी आरामात मावेल, पार्किंगसकट. तळाशी गवत, तळं, आणि ठिपक्यांएवढे गवे. परब म्हणाले, "आपल्या लोणारसारखाच." बाई म्हणाल्या, "लोणार उल्केनं झालं. वरून. हे आतून झालं." परबांनी मान डोलावली, बाईंच्या समोर तेसुद्धा सातवीत जात. पण ती जागा उंचावर होती. काकांचे ओठ निळे पडायला लागले. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा विवराकडे, आणि म्हणाल्या, "पाहिलंत?" काकांनी मान हलवली. "चला." दहा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. उतरताना काका तुटक तुटक म्हणाले, "मी ठीक आहे गं. धबधब्यापर्यंत नेशील ना मला?" बाईंनी काकांचा हात धरला होता तो खाली पोचेपर्यंत सोडला नाही. लग्नाला पन्नासएक वर्षं झालेल्या माणसांनी चारचौघांत हात धरलेला मी बोरीवलीत पाहिलेला नाही.

आणि मग तो कडा. तो कोरडा दगड.

"दक्षिण गोलार्ध," बाई म्हणाल्या. मग वाकून काकांच्या कानाशी, पण मला ऐकू येईल इतपत, "माझी चूक झाली हो. इथला कोरडा ऋतू आत्ता कुठे संपत आलाय... पाऊस पडायचाय अजून. मला कळायला हवं होतं."

काका बघत होते. "खोल आहे गं," ते म्हणाले.

"पाणी नाहीये."

"आवाज येतोय पण. ऐक."

बाईंनी ऐकलं. खरोखर मान कलती करून, डोळे मिटून ऐकलं. "मला नाही येत," त्या म्हणाल्या. त्या क्षणीसुद्धा त्यांच्यानं हो म्हणवलं नाही.

परब अजून ओरडत होते. काका म्हणाले, "आता ते धबधब्याचं सांग."

"इथे?"

"इथे नाही तर कुठे?"

बाईंनी कठडा धरला आणि सांगायला सुरुवात केली. झांबेझी कुठून निघते, सपाटीवरून कशी येते. हा समोरचा दगड बेसॉल्ट, आपल्या गिल्बर्ट हिलच्या जातीचा, पण वयानं थोरला. पाणी असतं तर हा दिसलाच नसता. या भेगा, या उभ्या फटी पाण्यानंच कोरल्या आणि पाण्यानंच झाकून ठेवल्या. आवाज वर्गातला होता. पहिल्यांदा निखिल वळला. मग सुलभा. मग एकेक करून सगळे रेनकोटवाले गोळा झाले, परबांनी टोपी काढली, आणि त्या कोरड्या दरीवर माणसं अशी गप्प झाली की बबूनच्या दाताखाली चकली मोडल्याचा आवाज यायला लागला. बाई हातानं दाखवत होत्या: इथून तिथपर्यंत सगळी रुंदी पाणी, तिथून खाली, आणि धूर वर...

"आणि धूर वर..." त्या म्हणाल्या, आणि तिथेच थांबल्या. पुढचं त्यांना आलं नाही. धडा अर्धवट राहिलेला मी तो पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी हॉटेलवर काकांचा श्वास वाढला. उन्हानं घात केला होता. हॉटेलनं डॉक्टर बोलावला. भला माणूस, कुर्त्यासारखा रंगीत शर्ट घातलेला. त्यानं ऑक्सिजन लावला आणि सांगितलं, उद्या पेशंटनं खोलीबाहेर पडायचं नाही, परवा थेट विमानात.

म्हणजे सीमेपलीकडची पाण्याची बाजू काकांना दिसणार नव्हती. बाईंनी ते ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या.

सकाळी बस लागली. काका पलंगावर बसून बाईंच्या मागे लागलेले. "तू जा. एवढ्या जवळ येऊन कुणी राहतं का? बघून ये आणि मला सांग. माझं तेच तर आयुष्यभर चाललंय." सुलभा म्हणाली, मी थांबते काकांजवळ. शेवटी बाई आल्या. बसमध्ये चढल्या, खिडकीशी बसल्या, पर्स मांडीवर ठेवली. निखिलनं माणसं मोजली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, आणि बाई उठल्या.

"मला उतरायचंय."

"बाई, प्लीज," निखिल अगदी काकुळतीला आला, "फुल पाणी आहे हो तिकडे. फार लांब नाही. तुम्ही तर आख्खी लाइफ शिकवलंय ना हे."

"दोघांनी बघायचं ठरलं होतं," बाई म्हणाल्या, आणि उतरल्या. सुलभाला बसमध्ये पाठवून दिलं.

मी पलीकडचा धबधबा पाहिला. मी, ज्यानं सहारात म्हातारा इंग्रज उभा केला, ज्याच्या गोष्टीत आरे कॉलनीतला बिबट्या रिक्षानं येतो, तो मी कठड्याशी उभा राहिलो, आणि सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. अजूनही नाही. फुगवायला जागाच नव्हती त्यात. परबसुद्धा गप्प होते. परतलो तेव्हा बाई खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत काका झोपलेले. बाईंनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बोरीवलीला परत आल्यावर आठवडाभरात सोसायटीत तुळशीचं लग्न होतं. खाली कंपाउंडमध्ये मांडव माझाच. काकांना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी. अंतरपाट धरून झाला, चुरमुरे-बत्तासे वाटले, आणि आमचे सेक्रेटरी देशमुख बाईंच्या समोर येऊन उभे राहिले. देशमुख माणूस वाईट नाही, पण पार्किंग सोडून दुसरा कुठला विषय मिळाला की त्यांना राहवत नाही.

"काय बाई, झाली ट्रिप? माझ्या नातवानं मोबाइलवर काढलं, म्हणाला, आजोबा, या दिवसांत तो धबधबा कोरडा असतो. मी म्हटलं, शक्य नाही. आपल्या बाई भूगोलाच्या! त्यांना नको माहीत?"

आजूबाजूचे हसले. बाईंनी हातातला ऊस खाली ठेवला. पाठ ताठ केली. मी ओळखलं, आता या चारचौघांत स्वतःला शून्य मार्क देणार.

"बरोबर आहे तुमच्या नातवाचं," त्या म्हणाल्या. "माझी..."

"कोण म्हणतं कोरडा?"

सगळे वळले. सोसायटीत कित्येकांनी काकांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल. ते दोन-दोन शब्द बोलून श्वास घेत होते, पण थांबत नव्हते.

"अहो, पाणी म्हणजे... काय पाणी! आभाळ फाटून... उलटं वर चाललेलं. आम्ही कड्यावर उभे. हिचा आवाज मला ऐकू येईना, माझा हिला. धूर असा... की ग्रुपमधली माणसं दिसेनात. ते परब, मुलुंडचे... ओरडत होते, तोंड नुसतं हलताना दिसत होतं. बबूनसुद्धा भिजून... आडोशाला आलं, हो. चकली खात बसलं. विचारा या सुर्वेला."

देशमुखांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या काकांकडे बघत होत्या. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा, एखाद्या गोष्टीत स्वतःची काही भर घालण्याची इच्छा झाली नाही.

"हो," मी म्हटलं. "काका कमीच सांगतायत."

देशमुख चुरमुरे खात निघून गेले. मी खुर्ची लिफ्टमध्ये घेतली, बाई आत आल्या. दार लागलं. दुसरा मजला गेला.

"किती खोटं बोलावं माणसानं!" बाई म्हणाल्या.

काकांनी श्वास गोळा केला. "म्हणजे किती?"

बाई भिंतीकडे वळून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की काय, ते मला मागून कळलं नाही, आणि मी विचारणाऱ्यातला नाही.

पुढचे चार महिने काका तो धबधबा सांगत राहिले. ऑक्सिजनचा सिलेंडर बदलायला येणाऱ्याला सांगितला, इस्त्रीवाल्याला सांगितला, तपासायला आलेल्या डॉक्टरांना सांगितला. आयुष्यभर ऐकत आलेला माणूस, त्याच्याकडे शेवटी सांगायला एक गोष्ट होती, आणि ती सांगताना त्याला दम कमी लागायचा. पाणी दर खेपेला वाढायचं. काका सुरू झाले की बाई उठून स्वयंपाकघरात जायच्या. खोडून काढायच्या नाहीत, दुजोराही द्यायच्या नाहीत. कुणी दारातून विचारलंच, काय हो बाई, तर त्या म्हणायच्या, "चहा घेणार ना?" जन्मभराचा नियम आणि जन्मभराचा नवरा, दोघांच्या मधोमध एवढ्या चहाची जागा त्यांनी शोधून काढली होती.

होळीच्या आधी काका गेले. दुपारचे, झोपेतच.

चौथ्या दिवशी आम्ही सोसायटीतले लोक भेटायला गेलो. सतरंजी अंथरलेली. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, नेहमीसारख्याच ताठ, फक्त आणखी लहान झाल्यासारख्या. पंखा फिरत होता. देशमुख माझ्या शेजारी मांडी घालून बसले होते. दोनदा त्यांनी घसा खाकरला. या वेळी आवाजात टोमणा नव्हता. नुसतं काहीतरी चांगलं बोलायचं होतं बिचाऱ्यांना.

"काका गेल्या आठवड्यात लिफ्टपाशी भेटले होते, बाई. खाली आणलं होतं ना त्यांना, उन्हात. तेव्हाही त्या धबधब्याचंच सांगत होते. चेहरा असा उजळला होता." ते जरा थांबले. "खरंच एवढं पाणी होतं का हो?"

मी सतरंजीच्या दशा बघायला लागलो. चहा करायला उठायची सोय आज बाईंना नव्हती. सुतकात घरात चूलच पेटत नव्हती, डबे सुलभाकडून येत होते. त्या उठल्या नाहीत. देशमुखांकडे सरळ बघून, फळ्यापाशी तारीख सांगावी तशा आवाजात, त्या बोलल्या.

"होतं. त्यांचा चष्मा सारखा मलाच पुसावा लागत होता."